लाल बाईचं तेल

रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांनी गाडीचं बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली, फडक्यानं पुसली, पुन्हा आत घालून पुन्हा ओढली, आणि एखाद्याची अक्कलदाढ तपासावी तसे एक डोळा मिटून तिच्या टोकाकडे पाहत राहिले. तेल खालच्या खुणेच्याही खाली उतरलं होतं. गेल्या रविवारी ते वरच्या खुणेला टेकलेलं होतं. डॉक्टरांनी ते स्वतःच्या हातानं ओतलं होतं आणि सांडलेला थेंबही टिपून घेतला होता.

डॉक्टर गुडघ्यांवर बसले आणि गाडीखाली वाकून पाहू लागले. खाली एक जुनी पांढरी चादर अंथरलेली होती. तिच्यावर डाग नव्हता, ठिपका नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं.

"गेलं कुठे?" डॉक्टर चादरीलाच म्हणाले.

"काय गेलं?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"तेल!"

"कालच नवा डबा फोडलाय. ओट्याखाली बघा."

"अगं, गाडीचं!"

स्वयंपाकघरात फोडणी चरचरली. गाडीचं म्हटलं की तिथून उत्तर येत नसे. गाडी लाल होती, दोनच दारांची होती, आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी होती. कॉलेजात असताना एका मासिकात डॉक्टरांनी तिचं चित्र पाहिलं आणि तेव्हापासून त्यांचा तिच्यावर जीव जडला. प्रत्यक्ष विकत घ्यायची ऐपत येईपर्यंत डॉक्टरांच्या डोक्यावरचे केस गेले होते आणि त्या गाडीचंही तारुण्य सरलं होतं, पण प्रेमात असल्या गोष्टी कोण बघतो? बायको पहिल्या दिवसापासून तिला 'लाल बाई' म्हणत आली होती. तिच्यात बसायचा विषय निघाला की, "बसेन हो, पण मला उठवायला कोण येणार?" एवढंच विचारायची.

डॉक्टरांचा हिशेब सरळ होता. तेल गळलं असतं तर चादरीवर डाग पडला असता. डाग नाही, म्हणजे गळलं नाही. गाडी आठवडाभर दाराबाहेर गेली नाही, म्हणजे संपलंही नाही. मग उरलं काय? कुणीतरी काढलं. डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती एकदा चुकचुकली की आठ-आठ दिवस गप्प बसत नसे.

संशय हा काही त्यांचा जन्मजात स्वभाव नव्हता. तो त्यांना धंद्यातून जडला होता. त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "रात्री दात घासता ना?" प्रत्येक जण म्हणे, "हो, रोज." आणि मग तोच माणूस तोंड उघडत असे. आत सगळा पुरावा जागच्या जागी असायचा. वर्षानुवर्षं हेच पाहिल्यावर डॉक्टरांचा एकूण मनुष्यजातीवरचाच विश्वास उडाला होता. टपालवाला "पत्र नाही" म्हणाला तरी ते त्याच्या पिशवीत डोकावत.

पहिला संशय अर्थातच मिस्त्रीवर गेला. मिस्त्री म्हणजे गाडीचा मेकॅनिक, पोटानं मोठा आणि आवाजानं त्याहून मोठा. त्याची एक दाढ डॉक्टरांनी नुकतीच निम्मी कोरून ठेवली होती आणि वर तात्पुरतं सिमेंट भरून दिलं होतं.

"मिस्त्री, तेल कुठून काढतात ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही तेल काढलंत का?"

"मी कशाला काढू? मला काय भजी तळायचीत त्यात?" मिस्त्री गालाला हात लावून म्हणाला. "डॉक्टरसाहेब, गाडी म्हातारी झालीय. तेल पिते ती."

"पिते? तिला तोंड आहे?"

"आतल्या आत पिते. एकदा इंजिन खोलून बघू या."

डॉक्टर मनात हसले. गरज नसताना खोलून बघू म्हणणारी माणसं त्यांना नवी नव्हती. त्यांच्याच व्यवसायातली दोन-तीन त्यांच्या ओळखीची होती. "खोलायचं काही कारण नाही," ते म्हणाले, "चोर पकडला की तेल थांबेल. आणि हो, तुमची दाढ गुरुवारी पुरी करू." यातलं शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं. मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला.

मिस्त्री निर्दोष सुटला नव्हता, पण तो रात्री दूर राहत होता. गॅरेजची किल्ली घरात दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली असे. म्हणजे चोर घरातलाच होता. घरात तीन माणसं. त्यांतले एक स्वतः डॉक्टर. बायकोला गाडीचं बॉनेट कुठल्या बाजूला असतं तेही माहीत नव्हतं, निदान ती तसं दाखवत तरी होती. राहिला मेहुणा.

मेहुणा बदली होऊन या शहरात आला होता आणि बहिणीकडेच राहत होता. हाडानं लांबलचक, स्वभावानं गरीब. त्याची खोली गॅरेजला लागून होती, मध्ये फक्त एक भिंत. तो भावोजींच्या विनोदांना हसायचा. त्या घरात असं करणारा तो एकटाच होता, त्यामुळे डॉक्टरांचा त्याच्यावर लोभ होता. पण लोभ वेगळा आणि तपास वेगळा. शिवाय तो आल्यापासूनच तेल जरा जास्त वेगानं उतरायला लागलं होतं, असं डॉक्टरांना आता आठवायला लागलं. असल्या गोष्टी आठवायला लागल्या की पाहिजे तेवढ्या आठवतात.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांनी दवाखान्यातून साचे घ्यायच्या प्लॅस्टरची पिशवी आणली आणि गॅरेजमधल्या फरशीवर ती पांढरी पूड चाळणीनं अलगद भुरभुरवली. गाडीभोवती पांढरं रिंगण तयार झालं. चाळणी स्वयंपाकघरातली होती, ती त्यांनी धुऊन जागेवर ठेवली. धुतलेली चाळणी पाहून बायकोनं भुवया वर केल्या, पण नवऱ्यानं आपणहून भांडं धुतलं यातच तिला इतका धक्का बसला होता की कारण विचारायचं राहून गेलं.

इथे डॉक्टरांची एक सवय सांगायला हवी. रोज सकाळी उठलं की चहाच्या आधी ते गॅरेजमध्ये जात, दार उघडंच ठेवत, गाडीत बसत आणि किल्ली फिरवत. मग ॲक्सिलरेटर दाबत. लाल बाई जी काही डरकाळी फोडायची, तिनं डॉक्टरांच्या अंगावर काटा यायचा. दोन-चार डरकाळ्या ऐकल्या, की गाडी बंद करून, बॉनेटवरून हात फिरवून ते चहाला येत. याला ते गाडी वापरणं समजत नसत. याला ते गाडीला जाग आणणं म्हणत.

रविवारीही ते तसेच अर्धवट झोपेत गेले, डरकाळ्या ऐकल्या, आले, चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर त्यांना प्लॅस्टर आठवलं. कप खाली आपटून ते गॅरेजकडे धावले.

ठसे होते! अगदी स्पष्ट. टाचेखाली चांदण्यांची नक्षी असलेल्या चपलांचे ठसे. चप्पल डॉक्टरांची होती.

दुसरा कुणी असता तर इथे हसला असता आणि उरलेला चहा प्यायला गेला असता. पण डॉक्टर तपासात आता फार पुढे गेले होते. आपण आत गेलो आणि बाहेर आलो, म्हणजे दारापाशी ठसे हवेत. पण हे ठसे तर बॉनेटपर्यंत गेलेत! बॉनेटपाशी आपण काय करायला जाऊ? आणि मग त्यांना आठवलं, की काल दूध आणायला जाताना मेहुण्याच्या पायांत आपल्याच चपला होत्या. सगळं जुळलं. चोर नुसता चोर नव्हता, तर आपल्याच चपला घालून आपल्यावरच आळ आणणारा पक्का चोर होता.

"अरे," नाश्त्याच्या टेबलावर त्यांनी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "तू माझ्या चपला का घालतोस?"

"माझ्या चपलेचा अंगठा सुटायला आलाय, भावोजी. चाललं नाही का तुम्हाला?"

"चपलांचं चाललं. लाल बाईचं तेल कुठे जातं ते सांग."

मेहुण्याचा घास हातातच राहिला. "मला काय माहीत?"

"रात्री तूच फिरवतोस ना तिला?"

"मी? भावोजी, तिच्यात बसलो तर माझे गुडघे कानांना लागतात!"

"म्हणजे बसून पाहिलंयस तर!"

"अहो, पुरे झालं," बायको म्हणाली. तिनं इतक्या शांतपणे म्हटलं, की शहाण्या माणसानं तिथेच थांबायला हवं होतं. डॉक्टर थांबले नाहीत. त्यांनी ठशांबद्दल सांगितलं, चपलांबद्दल सांगितलं, आणि 'तोंड उघडलं की सगळं कळतं मला' हेही सांगितलं. मेहुण्यानं मान खाली घालून ताट बाजूला सारलं.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी पट्टी ओढली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेल वाढलं होतं! नुसतं वाढलं नव्हतं, वरच्या खुणेला मागे टाकून पट्टीच्या दांड्यावर चढलं होतं. त्या आठवड्यात डॉक्टरांनी गाडीत थेंबभरही तेल ओतलं नव्हतं. ओतणार तरी कसं, पुरावा बिघडला असता.

चोरी समजू शकते. पण गुपचूप येऊन कुणी तेल ओतून जातं, हे काय? डॉक्टर बराच वेळ विचार करत बसले आणि शेवटी मांडीवर थाप मारून उठले. हे पश्चात्तापाचं तेल होतं! पकडले जाणार असं दिसल्यावर चोरानं माल परत आणून ठेवला होता. ही तर कबुलीच झाली.

"आता तरी खरं बोल!" ते मेहुण्याच्या खोलीच्या दारात उभे राहून गरजले. "तेल परत ओतलंस ना?"

मेहुणा लाल झाला, मग पांढरा पडला, मग अडखळत काहीतरी बोलायला गेला आणि गप्प बसला. डॉक्टरांना तेवढं पुरेसं होतं. संध्याकाळी मेहुणा बॅग भरून ऑफिसमधल्या एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला. जाताना त्यानं भावोजींना वाकून नमस्कार केला, त्यामुळे तर डॉक्टरांना फारच वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून तपास थोडाच बदलतो?

घर शांत झालं. जेवताना डॉक्टरांनी एक विनोद सांगितला, तो जसाच्या तसा टेबलावर पडून राहिला. दुसऱ्या दिवशी दुसरा सांगितला, त्याचंही तेच झालं. बायको वाढायची, पण "अजून घ्या" म्हणायची नाही. डॉक्टरांना मेहुण्याची आठवण यायला लागली, आणि चोराची आठवण येते याचा स्वतःवरच राग यायला लागला.

शेवटी बायकोनं तोंड उघडलं. "येत्या रविवारी माझा भाऊ या टेबलावर जेवायला बसलेला मला दिसला पाहिजे. नाही दिसला तर मीही दिसणार नाही. मग तुम्ही आणि तुमची लाल बाई, करा संसार."

"आणतो ना," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "पण त्यानं एकदा कबूल—"

"मीही येतेय बरोबर," बायको म्हणाली. "तुम्ही तिथे जाऊन त्याचे ठसे घेत बसाल."

गेले ते अर्थातच लाल बाईतून. घरात दुसरी गाडी नव्हती. बायको कशीबशी आत बसली आणि गाडी रस्त्याला लागली. पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या वळणावर मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. चढाला लागल्यावर पुढे बसलेल्यांनाही जळका वास आला. डॉक्टरांनी आरशात पाहिलं, तर आरशात रस्ता नव्हता, दुकानं नव्हती, निळ्या-पांढऱ्या धुराखेरीज काही नव्हतं. मग बॉनेटखालून कुणीतरी हातोडीनं ठोकावं तसा आवाज आला, इंजिनानं दोन आचके दिले आणि लाल बाई चढाच्या मध्यावर गप्प झाली. तेही नेमकं मेहुण्याच्या मित्राच्या घरासमोर.

खिडकीतून मेहुण्यानं पाहिलं. धुरात खोकणारी आपली बहीण पाहिली, तिला गाडीबाहेर ओढून काढायचा प्रयत्न करणारे भावोजी पाहिले, आणि तो अनवाणीच खाली धावला. एका हातानं त्यानं बहिणीला बाहेर काढलं आणि दुसऱ्यानं गाडीला टेकू दिला, कारण ती आता मागे घरंगळायला लागली होती.

"भावोजी, ब्रेक!"

डॉक्टरांनी आत वाकून हँडब्रेक ओढला. मग मेहुण्यानं गाडी वळवून उतारावरून मिस्त्रीच्या वर्कशॉपपर्यंत ढकलत नेली. डॉक्टर स्टिअरिंग धरून बसले होते. समोरच्या आरशात मेहुण्याचा घामानं भिजलेला चेहरा दिसत होता, आणि चोर इतक्या मनापासून गाडी ढकलतो का, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

मिस्त्रीनं पट्टी ओढली आणि शीळ घातली. "इतकं तेल? हिला काय अभ्यंगस्नान घालायचं होतं? कुणी ओतलं?"

मेहुणा खाली पाहत म्हणाला, "मी. एक डबा. म्हटलं, तेल भरलेलं दिसलं की भावोजींचा राग जाईल."

"तूही?" बायको म्हणाली. "अरे, मीसुद्धा ओतलं. घरात भांडण नको म्हणून. दुकानदाराला विचारून आणलं होतं."

डॉक्टर बायकोकडे बघतच राहिले. तिला बॉनेट कुठे असतं ते माहीत होतं!

मिस्त्रीनं घसा साफ केला. "आता लपवण्यात अर्थ नाही. मीही त्या बाजूनं जाताना एक डबा रिकामा करून गेलो. वहिनींनीच दार उघडून दिलं होतं. माझी दाढ अजून अर्धवटच आहे, डॉक्टरसाहेब, त्या गुरुवारी यायची हिंमतच झाली नाही. तुम्ही रागात असताना तुमच्या हातात यंत्र द्यायचं म्हणजे..." त्यानं गाल चाचपला. "पण ते जास्तीचं तेल आजच्या धुराचं कारण. आधीचं जात होतं त्याचं काय? या, दाखवतो."

त्यानं इंजिनाच्या भोकातून एक बारीक कॅमेरा आत सोडला. डॉक्टरांना तो ओळखीचा वाटला, तसलाच एक त्यांच्याकडेही होता. पडद्यावर आतलं दिसायला लागलं आणि डॉक्टर नकळत पुढे वाकले.

"अरे बापरे! केवढं हे किटण!"

"किटणच. पिस्टनवर साचलंय. कडेच्या रिंगा झिजल्यात, तिथून तेल वर चढतं आणि जळतं. गळत नाही, म्हणून तुमची चादर कोरी."

"पण धूर मला कधी दिसला नाही!"

"आत बसणाऱ्याला मागचा धूर कसा दिसेल? आणि झाकणाखाली बघा, तेलाची साय झालीय. हे असं कधी होतं सांगू? गाडी लांब न्यायची नाही, नुसती चालू करायची आणि बंद करायची. इंजिन तापतच नाही, आत पाणी धरतं. त्यात थंड असताना ॲक्सिलरेटर दाबायचा. तेल अजून वर पोचलेलं नसतं, सगळं कोरडं घासतं. नव्या गाडीला सोसेल, म्हातारीला कसं सोसणार?" मिस्त्रीनं हात पुसले आणि सरळ डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहिलं. "थंड गाडी रेटता का तुम्ही?"

"छे! कधीच नाही," डॉक्टर म्हणाले.

म्हणाले आणि स्वतःच दचकले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. हा सूर ते रोज ऐकत होते, खुर्चीच्या बाजूला उभे राहून, आरसा हातात धरून.

बायको वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहत होती. मिस्त्रीनं मेहुण्याकडे मान वळवली. "तुम्ही त्यांच्याच घरात राहता ना? खरं सांगा."

डॉक्टरांना एकदम ती भिंत आठवली. गॅरेज आणि मेहुण्याची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. रोज सकाळी त्या डरकाळ्यांनी त्याच्या फडताळातले ग्लास थरथरत असणार, त्याची झोप मोडत असणार. चोर कोण हे या पोराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नुसतं तोंड उघडलं असतं तरी सुटला असता. आणि तोंड न उघडता तो बॅग भरून गेला होता.

"नाही हो मिस्त्री," मेहुणा म्हणाला. "भावोजी तसं कधीच करणार नाहीत. जीव आहे त्यांचा तिच्यावर."

डॉक्टरांना आपल्या चपलांकडे बघावंसं वाटलं. त्यांनी बघितलं. फार लाज वाटली.

"डॉक्टरसाहेब," मिस्त्री हळूच म्हणाला, "रात्री दात घासता का, असं तुम्ही मला विचारता. मी काय सांगतो?"

"रोज घासतो, म्हणून सांगता."

"विश्वास बसतो तुमचा?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मग ते वळले आणि मेहुण्याचा हात धरून म्हणाले, "चल घरी. तुझी बॅग मी उचलतो." त्या रविवारी टेबलावर तिघं जेवली. डॉक्टरांनी एक जुनाच विनोद सांगितला आणि मेहुणा ठसका लागेपर्यंत हसला. बायकोही हसली, पण ती मेहुण्याकडे बघून.

इंजिन दुरुस्त व्हायला बरेच दिवस लागले. गाडी परत देताना मिस्त्रीनं बजावलं, "रेटायची नाही. आठवड्यातून एकदा लांब फिरवून आणायची, तीही सावकाश गरम झाल्यावर. कबूल?" डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून "कबूल" म्हटलं, आणि मिस्त्रीनं ते डॉक्टर ज्या चेहऱ्यानं ऐकतात त्याच चेहऱ्यानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर चहाच्या आधी उठले. फक्त बघायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. किल्लीचा खिळा रिकामा नव्हता, हे बरं झालं. त्यांनी गॅरेजचं दार हळूच ढकललं आणि उंबऱ्यावरच थबकले. फरशीवर गाडीभोवती पांढरी शुभ्र पूड पसरलेली होती. अगदी एकसारखी, चाळणीनं भुरभुरवलेली.

डॉक्टरांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. टाचेखाली चांदण्यांची नक्षी. मग त्यांची नजर शेजारच्या बंद दाराबाहेर गेली. तिथे मेहुण्याच्या लांबलचक चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. डॉक्टरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, अलगद आपल्या चपला काढल्या आणि मेहुण्याच्या चपलांत पाय सरकवले. पहिलं पाऊल पांढऱ्या पुडीवर टेकणार, एवढ्यात बंद दारामागून झोपाळू आवाज आला.

"भावोजी, उजव्या चपलेचा अंगठा पुरता तुटलाय हं. जपून."